मिस्त्रींच्या मापांची फ्लॉपी

खंडेनवमीला आमच्या घरात विळी, कात्री, नवऱ्याचा पान्हा आणि मुलीचा लॅपटॉप एकाच पाटावर मांडतात. मुलगी हौसेनं झेंडूची माळ घालते. मी नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात काम काढते. ‘‘आई, तू कॉम्प्युटर शिकवायचीस ना? मग पूजा तूच कर,’’ असं ती दरवर्षी म्हणते, आणि मी दरवर्षी कढईत करपेल म्हणून सांगते. कढईत पुष्कळदा काहीच नसतं.

ही गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही. यंदा ती ज्याला सांगायला हवी होती त्याला सांगून झाली, म्हणून आता लिहायला बसले आहे.

तीसएक वर्षांपूर्वी मी राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. बी.एस्सी. झाले होते, सहा महिन्यांचा कोर्स केला होता, वय बावीस. दोन खोल्या, चार मशीन, खिडकीला जाड पडदे. तेव्हा कोल्हापुरात कॉम्प्युटर हाताळणारी मुलगी म्हणजे फार मोठी गोष्ट. शेजारच्या बायका मला बघायला यायच्या, आणि मीही बघू द्यायची. तो मान माझ्या डोक्यात गेला होता, हे आधीच कबूल करते.

क्लास ज्यांचा होता त्यांना आम्ही सर म्हणायचो. सज्जन माणूस, पण मशीनला देव मानणारा. चपला बाहेर, बोलणं हळू, आणि धूळ म्हणजे महापाप. ‘‘धुळीनं मशीन मरतं,’’ हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणत. घरी सूर्यास्ताआधी जेवायचा नेम होता, त्यामुळे पाच वाजले की किल्ल्या माझ्या हातात देऊन ते निघत. पुढचे दोन तास क्लास माझा.

आणि दर सोमवारी दुपारी, सर असतानाच, कारखान्याच्या सुट्टीला यायचे मिस्त्री.

मिस्त्री उद्यमनगरात पॅटर्न करायचे. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबून साचा घेतात. वितळलेलं बीड थंड होताना आखडतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. किती मोठा, ते पुस्तकात दिलेलं असतं. पण पुस्तकातलं माप आणि उद्यमनगरातली भट्टी यांचं कधी जमत नाही, असं मिस्त्री म्हणायचे. या भट्टीचं बीड जास्त आखडतं, त्या भट्टीची वाळू ओली असते, पोकळ भाग असला तर एवढं सोडायचं, जाड-बारीक एकत्र असला तर तेवढं. असली शेकडो मापं त्यांच्या डोक्यात होती. कागदावर एकही नव्हतं.

त्यांची नजर जात चालली होती. काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेली ती परत येणार नाही, उरलेली जपा. पन्नाशीचा माणूस, मुलं दुसऱ्या धंद्यात गेलेली. पहिल्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी मला विचारलं, ‘‘बाई, ह्या डब्यात माझं डोस्कं बसंल का वो?’’

मला हसू आलं होतं. ते हसले नाहीत.

‘‘डोळं गेल्यावर हात चालत्यात की,’’ ते म्हणाले. ‘‘रंधा हाताला कळतोय. पर आकडं ध्येनात ऱ्हाईनात आता. मशीनला इचारायचं, बायको वाचून दावंल, सातवी झालीया ती. म्हंजे मी घरात बसायला न्हाय लागायचो.’’

एवढंच त्यांना हवं होतं. आंधळं झाल्यावरही धंद्यात राहायचं होतं.

आठ महिने सोमवारमागून सोमवार ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. मी एक छोटा प्रोग्रॅम केला: धातू कोणता, भट्टी कोणती, भाग कसा, लांबी किती, असं विचारायचा आणि लाकूड किती धरायचं ते सांगायचा. प्रोग्रॅमची फाईल वेगळी, मापांची फाईल वेगळी. मापांची फाईल म्हणजे नुसती आकड्यांची यादी, उघडली तर कुणालाही वाचता येईल अशी. मिस्त्री कारखान्यातून आल्यासारखे यायचे, सुट्टी असली तरी सकाळी थोडं काम केलेलंच असायचं. केसात, बाहीवर, कानाच्या पाळीवर सागवानाचा भुसा. सर दारातच अडवायचे, ‘‘मिस्त्री, झटका, झटका!’’ मग ते जिन्यात उभे राहून पंचानं अंग झटकायचे आणि संकोचून आत यायचे.

एकदा त्यांनी विचारलं, ‘‘बाई, हे कागदावर छापून मिळंल का? उगं घरात असावं म्हणून.’’

‘‘कागद फाटतो, मिस्त्री,’’ मी म्हटलं. ‘‘फ्लॉपीत आहे ना, एकीत नाही, दोन-दोन फ्लॉप्यांत. कागदाचं काय घेऊन बसलात!’’ छपाईची रिबन फिकी झाली होती आणि नवी आणायचा मला कंटाळा होता. खरं कारण एवढंच.

त्या फ्लॉप्या मोठ्या चौकोनी असायच्या, वहीच्या पानासारख्या लवलवीत. कडेला एक खाच असे. त्या खाचेवर चंदेरी पट्टी चिकटवली की फ्लॉपी नुसती वाचता येई, तिच्यावर काही लिहिता येत नसे. मिस्त्रींच्या दोन्ही फ्लॉप्यांवर मी ती पट्टी चिकटवून ठेवली होती. पट्टी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दसरा आला. सरांनी मशीनची पूजा थाटात करायची ठरवलं. खंडेनवमीला चारी मशीन बंद, त्यांना झेंडूच्या माळा, आणि समोर पाटावर क्लासमधल्या सगळ्यांच्या फ्लॉप्यांची चवड. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुहूर्त. नवी वही घेतली की पहिल्या पानावर आपण श्री लिहितो, मग फ्लॉपीवर का नको, असं मीच सुचवलं. सर खूश झाले. ठरलं असं की पूजेच्या एकाच मशीनवर एकेकानं आपली फ्लॉपी घालायची, आपला प्रोग्रॅम एकदा चालवायचा, आणि श्री नावाची एक छोटी फाईल तिच्यावर लिहायची. लिहायचं म्हणजे चंदेरी पट्ट्या काढायला हव्यात. सगळ्या पट्ट्या मी स्वतः नखानं काढल्या. आणि मुहूर्त लागल्यावर मशीन मध्येच बंद करायचं नाही, अशी सरांची ताकीद होती. समई मध्ये विझू देत नाहीत, तसं.

आदल्या आठवड्यात माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता. त्यानं मला एक खेळ दिला होता, रंगीत चेंडू उडवायचा. क्लासमध्ये बाहेरची फ्लॉपी आणायची सक्त मनाई, म्हणून एका संध्याकाळी सर गेल्यावर मी त्याची फ्लॉपी लपवून आणली आणि मिस्त्रींच्या एका फ्लॉपीची पट्टी तेवढ्यापुरती काढून तो खेळ तिच्यावर उतरवून ठेवला होता. तिच्यावर जागा रिकामी होती आणि ती माझ्याच कपाटात असायची. दसऱ्याला सरांचे चार पाहुणे आले, त्यांना काहीतरी रंगीत दाखवायचं म्हणून मी मुहूर्ताला सगळ्यांत आधी तो खेळ लावला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकामागून एक सगळ्यांनी आपापले प्रोग्रॅम त्याच मशीनवर चालवले, श्री लिहिलं, पेढे खाल्ले आणि सोनं वाटलं.

त्या खेळात व्हायरस होता. तेव्हा मला हा शब्द नुसता ऐकून माहीत होता. पुढे मी त्याच्याबद्दल मिळेल ते सगळं वाचलं, दुसऱ्या कशाबद्दल एवढं वाचलं नसेन. त्याची रीत अशी: तो प्रोग्रॅमच्या फाईलला स्वतःचा तुकडा जोडतो, आणि अशी व्यवस्था करतो की प्रोग्रॅम चालवला की आधी तो जागा होईल, मग मूळ प्रोग्रॅम. एकदा जागा झाला की मशीनच्या मेमरीत दबा धरून बसतो, आणि त्यानंतर जो जो प्रोग्रॅम चालेल त्याला चिकटतो. मशीन बंद केलं की मेमरी रिकामी होते, तोही जातो. आम्ही मात्र मशीन बंदच करणार नव्हतो. त्याला पोसायची ठरवून व्यवस्था केली असती तरी याहून चांगली जमली नसती. एक मशीन, सगळ्यांचे प्रोग्रॅम ओळीनं, पट्ट्या काढलेल्या, आणि वर श्री.

दिवाळीनंतर मशीन मंदावली. आधी आम्ही विजेला दोष दिला, मग थंडीला. मिस्त्रींचा प्रोग्रॅम किती लांबीचा आहे हे मला पाठ होतं, तो माझा पहिलाच प्रोग्रॅम होता. एका सोमवारी पाहिलं तर तो वाढला होता. पुन्हा चालवला, पुन्हा तेवढाच वाढला. त्या व्हायरसला आपण आधीच चिकटलोय हे ओळखता येत नसे, तो दर वेळी नवा तुकडा जोडायचा. फुगत फुगत एक दिवस प्रोग्रॅम एवढा झाला की मशीन म्हणालं, मेमरी पुरत नाही. मिस्त्री शेजारी बसले होते. ‘‘काय म्हनतंय?’’ त्यांनी विचारलं. ‘‘दमलंय,’’ मी म्हटलं.

आणि मग त्याच आठवड्यात एका सकाळी जो प्रोग्रॅम चालवावा तो नाहीसाच होऊ लागला. ठरावीक तारीख आणि वार जुळला की त्या दिवशी चालवलेला प्रत्येक प्रोग्रॅम तो पुसून टाकायचा. टायपिंगचा गेला, पत्राचा गेला. सरांनी पुण्याच्या ओळखीच्या इंजिनिअरला फोन लावला. फोन ठेवून ते बाहेर आले आणि आम्हा सगळ्यांना एका ओळीत उभं करून विचारलं, ‘‘बाहेरची फ्लॉपी कुणी आणली? शनिवारी इंजिनिअर येणार आहेत. कुठून आलं ते त्यांना फ्लॉपी बघून कळतं.’’

मी मूग गिळून उभी राहिले. माझ्यावर कुणाचाही संशय नव्हता, हे सगळ्यांत वाईट. सर माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही लक्ष ठेवा पोरांवर.’’

नोकरी गेली तर घरी काय होणार हे मला माहीत होतं. आजऱ्याचं एक स्थळ तयारच होतं, माझ्या नोकरीच्या सबबीवर वर्षभर थांबलेलं. ते माणूस म्हणून वाईट नसेल, पण मला ते नको होतं, मला मशीन हवी होती. एवढी वर्षं मी स्वतःला हेच कारण देत आले. कारण खरं आहे. पण त्यानं काही सुटत नाही.

शुक्रवारी पाच वाजता सरांनी किल्ल्या दिल्या. मुलं गेल्यावर मी दार लावलं आणि कपाटातून मिस्त्रींच्या दोन्ही फ्लॉप्या काढल्या. पहिलीवर माझा खेळ होता. नुसता खोडला तर खोडलेलं परत काढता येतं, असं मी ऐकलं होतं. पुरती पुसायची म्हणजे फॉर्मॅट करायची. दुसरीवर खेळ नव्हता, पण रोगट प्रोग्रॅम होता, आणि एक पुसून एक ठेवली तर संशय येईल असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पुसण्याआधी मी मापांची फाईल उघडून बघितली. हे मला लिहिलंच पाहिजे. पडद्यावर सगळी मापं वर सरकत गेली, धातू, भट्टी, भाग, आकडा, एकही अक्षर इकडचं तिकडं झालेलं नव्हतं. तो व्हायरस प्रोग्रॅमलाच लागतो, नुसत्या लिहिलेल्या यादीला लागत नाही, हे मला तेव्हा पक्कं माहीत नव्हतं. पण डोळ्यांना दिसत होतं. एका कोऱ्या फ्लॉपीवर ती यादी उतरवून घ्यायला मिनिटभर लागलं असतं. कोऱ्या फ्लॉप्या सरांच्या खणात मोजून ठेवलेल्या असत, एक कमी दिसली तर सर विचारतील, असा विचार माझ्या मनात आला. मग मनाला समजावलं की आत कुठेतरी रोग दडलेला असेलच, दिसत नाही एवढंच. आणि दोन्ही फ्लॉप्या पुसल्या. नंतर सोबतीला म्हणून मुलांच्याही बऱ्याचशा पुसल्या, म्हणजे सगळं एकसारखं दिसावं. सरांना सांगितलं, सफाई केली. सरांनी शाबासकी दिली. शनिवारी इंजिनिअर आले, त्यांनी मशीन साफ केली आणि चहा पिऊन गेले.

सोमवारी मिस्त्री आले. सरांनीच त्यांना सांगितलं, ‘‘मिस्त्री, व्हायरस आला. सगळं खाऊन गेला.’’

मिस्त्री जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी हळूच स्वतःच्या बाहीकडे बघितलं. डोळ्यांजवळ हात नेऊन बघावं लागायचं तेव्हा त्यांना. सागवानाचा भुसा होता थोडा. ‘‘माझ्या भुश्यानं झालं काय वो, बाई?’’

सरांना खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी म्हटलं, ‘‘धूळ वाईटच असते, मिस्त्री.’’

हे वाक्य मी आजवर कितीदा मनात परत गिळलंय, त्याला हिशेब नाही. खोटं नव्हतं ना ते! धूळ वाईट असतेच. खोटं न बोलता माणूस किती नीच होऊ शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

ते आत आले नाहीत. ‘‘मग नगं,’’ म्हणाले, ‘‘बाकीच्या पोरांचं बी नुस्कान.’’ जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होते. परत कधी क्लासला आले नाहीत. उद्यमनगर काही लांब नव्हतं, सायकलनं पंधरा मिनिटं. मी गेले नाही. पुढच्या वर्षी कुणाकडून तरी कळलं की त्यांचा एक मोठा नमुना मापात चुकला, ओतलेला माल तोकडा पडला, आणि भट्टीवाल्यांनी त्यांना काम देणं थांबवलं. पुढं नजर पुरती गेली. ते कळल्यावर मी दोन दिवस जेवले नाही आणि तिसऱ्या दिवशी जेवले.

यंदा पावसाळा संपता संपता कळंब्याच्या एका बँकेत गेले होते, पासबुक भरायला. दारातच एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांनी काळा चष्मा लावलेला, पांढराशुभ्र सदरा घातलेला, आणि दोन्ही हातांनी ते आपल्या बाह्या झटकत होते. एक बाही, मग दुसरी, मग केस, मग कानाची पाळी. आजी वैतागल्या होत्या.

‘‘आता कुठला भुसा आलाय अंगावर? काम सोडून तीसेक वर्सं झाली की!’’

‘‘आत मशीन असत्यात,’’ आजोबा म्हणाले. ‘‘कुनाचं नुस्कान नगं.’’

मी त्यांना ओळखलं. वळून निघून गेले असते तर त्यांना कळलंही नसतं. तोंडून मात्र निघून गेलं, ‘‘मिस्त्री.’’

त्यांनी मान वाकडी करून आवाज ऐकला. ‘‘क्लासच्या बाई न्हवं?’’ आणि हसले. एवढ्या वर्षांनी, त्या एका शब्दावरून. आजींना म्हणाले, ‘‘अगं, ह्यांनी माझं डोस्कं डब्यात बसिवलं हुतं. मीच घान केली.’’

मग मला थांबता आलं नाही. बँकेबाहेर कडुलिंबाखाली बाक होता, तिथं आम्ही बसलो. मी सगळं सांगितलं: खेळ, मुहूर्त, काढलेल्या पट्ट्या, शुक्रवारची संध्याकाळ. तुमच्या भुश्यानं काहीही झालं नव्हतं, असं दोनदा सांगितलं. रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचा मला काय अधिकार, म्हणून आवरलं. आजी पासबुक मांडीवर ठेवून माझ्याकडे एकटक बघत होत्या. त्यांची नजर मला सोसवेना.

मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘म्हंजे त्यो रोग मापांस्नी लागलाच न्हवता?’’

‘‘नाही.’’

‘‘तुमी बघितलंसा?’’

‘‘हो. उघडून बघितली होती. सगळी नीट होती.’’

‘‘मग पुसली कशापायी, बाई?’’

रागानं नाही विचारलं. एखाद्या भट्टीचं बीड का आखडलं, ते विचारावं तसं विचारलं. मी इतकी वर्षं मनातल्या मनात त्यांच्या शिव्या ऐकल्या होत्या आणि प्रत्येक शिवीला उत्तर जुळवून ठेवलं होतं. हा प्रश्न त्यात नव्हता.

‘‘नोकरी जाईल म्हणून भ्याले, मिस्त्री,’’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ‘‘मग, ऱ्हायली का नोकरी?’’

‘‘राहिली.’’

‘‘बरं झालं की,’’ ते म्हणाले. ‘‘एकाची तरी ऱ्हायली.’’

टोमणा होता की खरंच बरं वाटलं होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आजींनी त्यांना हाताला धरून उठवलं. मी मागोमाग गेले नाही, बाकावरच बसून राहिले. बँकेच्या दाराशी पोचल्यावर मिस्त्री थांबले, आणि त्यांनी पुन्हा दोन्ही बाह्या झटकल्या.